अनुभव धागा: बडोद्याची मराठी साप्ताहिकं – निघत कशी, थांबली का, आणि उरलेल्या फायलींचं काय करायचं

धागाकर्ता

१८८० च्या दशकातलं 'बडोदा वत्सल', त्यानंतरचं दामोदर सावळाराम यंदे यांचं 'सयाजीविजय', १९१७ पासून १९४९ पर्यंत चाललेली भगवंतराव पाळेकरांची 'जागृति'. बडोद्याच्या मराठी पत्रांचा विषय निघाला की ही तीन नावं येतात आणि पुढे कुणी बोलत नाही. पाळेकरांना तर लोक 'जागृतिकार' म्हणूनच ओळखतात. पण असं पत्र छापत कसं, पैसा कुठून येई, टपालात कसं पडे आणि गाडं नेमकं कुठे अडलं, हे एका जागी सापडत नाही.

छपाई, टपाल, नोंदणी, ग्रंथालय, संगणक यांतलं ज्यांना हातचं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. इथे मापं, पद्धती आणि अडचणी येऊ द्या.

जुळारी

छोट्या साप्ताहिकाचा हिशेब डेमी तावावर चाले. ताव साडेसतरा बाय साडेबावीस इंच, मधोमध एकदा दुमडला की चार पानं. हजार प्रतींना हजार ताव म्हणजे दोन रीम, आणि शाई बसेपर्यंत खराब होणाऱ्यांसाठी वर चाळीस-पन्नास. सिलिंडर मशीन असेल तर एका बाजूची दोन्ही पानं एकदम निघत. नुसतं ट्रेडल (पायाने चालवायचं लहान छपाईयंत्र) असेल तर ताव अर्धा कापून एकेक पान चढवायचं. हजार प्रती, चार पानं, म्हणजे चार हजार ठसे. हाताने कागद लावणारा गडी ताशी आठशे ते हजार काढतो. फर्मा (चौकटीत जुळवलेली पानं) आवळणं आणि चित्राच्या ठोकळ्याखाली कागदाचे कपटे देऊन त्याची उंची खिळ्यांबरोबर, म्हणजे शिशाच्या अक्षरांबरोबर, आणणं हा वेळ वेगळा.

दुमडलेल्या तावाच्या एका बाजूला पान १ आणि ४ असतात, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. चारही पानं एकदम उभी राहतील इतके खिळे लहान छापखान्यात नसत. म्हणून आधी २–३ जुळवून छापायची, फर्मा सोडायचा, खिळे रॉकेलने धुऊन केसेतल्या (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतल्या) ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी १–४ उभी करायची. त्यामुळे लेखमाला, कविता आणि सभेचे वृत्तांत आत जात, आणि आदल्या रात्री आलेली निधनवार्ता पहिल्या नाहीतर चौथ्या पानावर. जुन्या फायलींवरून संपादकाच्या आवडीनिवडीचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुष्कळदा तो निर्णय खिळ्यांच्या साठ्याचा असे.

खिळ्यांचा संच मागवताना भाषा सांगावी लागे. हिंदीच्या प्रमाणाने भरलेल्या संचात ळ नसतोच किंवा नावाला असतो, आणि अर्धा च कमी पडतो. मराठीत तर ओळीओळीला 'च्या' येतो. ळ संपला की ल लावून भागवत. रेफ, मात्रा आणि अनुस्वार खिळ्याच्या अंगाबाहेर आलेले असतात, म्हणून आधी तेच तुटतात. जुन्या अंकात अनुस्वार गायब दिसले तर ते लगेच शुद्धलेखनाचं धोरण समजू नये. संच झिजलेला असू शकतो. गुजराती आणि मराठी दोन्ही छापणाऱ्याला दोन लिप्यांच्या केसी वेगळ्या ठेवाव्या लागत. जागा दुप्पट, भांडवलही दुप्पट.

शाईचे रोलर सरस (चिकट डिंकासारखा पदार्थ) आणि गूळ यांचे, पुढे त्यात ग्लिसरीनही आलं. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी ते मऊ पडून खिळ्यांना चिकटत. पावसाळ्यात ओल पिऊन फुगत, मग शाई सारखी लागत नसे. म्हणून उन्हाळ्यात छपाई पहाटे उरकायची. रबरी रोलर आल्यावर हा ताप गेला.

दांडियाबाजार

जुळारीकाका, छपाईचं सगळं पटलं. पण थांबली ती टपालामुळे. दर परवडेना, हे सरळ कारण आहे.

पीआयएन ३९०००१

नाही हो. हा समज सगळीकडे आहे, पण दर बघा. नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे आणि १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे हा दर वर्षानुवर्षं टिकून राहिला. जून २०११ अखेर २५ पैशांचं नाणं चलनातून गेलं, तरी २५ पैशांचा दर होताच.

अडचण वजनाची आणि तारखेची. चौरस मीटरला ४५ ग्रॅम भरणाऱ्या न्यूजप्रिंटवर एक डेमी ताव साधारण साडेअकरा ग्रॅम भरतो. आठ पानं म्हणजे २३ ग्रॅम, काही चिंता नाही. सोळा पानं ४६ ग्रॅम. त्यावर वेष्टण आणि पत्त्याची पट्टी आली की पन्नाशी ओलांडते आणि दर दुप्पट होतो. तीच सोळा पानं ६० ग्रॅमच्या मॅपलिथोवर (पांढऱ्या, गुळगुळीत कागदावर) घेतली तर नुसता कागदच ६१ ग्रॅम. दिवाळीच्या जाड अंकाचा टपालखर्च अंदाजाबाहेर जातो तो इथे. छापण्याआधी कोऱ्या कागदाचा एक अंक दुमडून, वेष्टणासकट काट्यावर ठेवून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे.

या सवलतीच्या दराच्या अटी दोन मोठ्या: दोन अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि किमान ५० खरे वर्गणीदार हवेत. मासिकाचं द्वैमासिक केलं की सवलत गेली. पुष्कळ मंडळांनी 'खर्च कमी करू' म्हणून अंक दोन महिन्यांनी काढायला घेतला आणि प्रतीमागचा टपालखर्च कित्येक पटींनी वाढवून घेतला. शिवाय टपालात टाकण्याची तारीख ठरलेली असते. छापखान्यात अंक अडकून ती चुकली तर त्या गठ्ठ्याला पूर्ण दर लागू शकतो.

आता दांडियाबाजार यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. टपाल महाग झालं नाही, सावकाश झालं. शनिवारी टाकलेला अंक बुधवारी मिळाला तर त्यातल्या रविवारच्या कार्यक्रमाच्या सूचनेचा उपयोग काय?

हिशेबवही

टपाल आणि कागद यांवर भांडण्याआधी एक गोष्ट बघा. बहुतेक लहान साप्ताहिकं छापखान्याच्या पोटावर चालत. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल: या जॉबवर्कवर जुळारी, मशीनमन आणि जागेचं भाडं निघे. उरलेल्या दीड-दोन दिवसांत साप्ताहिक. त्यामुळे साप्ताहिकाच्या खात्यावर फक्त कागद, शाई आणि टपाल दिसे. मजुरी दिसतच नसे, कारण ती लग्नपत्रिकेने दिलेली असे.

ऑफसेट (खिळ्यांऐवजी प्लेटवरून होणारी छपाई) आल्यावर आधी जॉबवर्क गेलं. खिळ्यांवरची लग्नपत्रिका कुणालाच नको झाली. छापखाना बंद झाला किंवा ऑफसेटवाल्याकडे कामं पाठवणारी एजन्सी झाला, आणि साप्ताहिकाचं संपूर्ण बिल – जुळणी, प्लेट, छपाई, घडी – पहिल्यांदाच एका कागदावर आलं. वर्गणीदार तेवढेच होते. संपादकही तोच होता.

वर्गणीत दोन ठिकाणी गळती. वर्गणी संपल्यावर 'जुने वाचक आहेत, देतील' म्हणत अंक पाठवत राहणं, ही पहिली. व्हीपीने (पोस्टमनने अंक देताना पैसे घ्यायचे, अशा टपालाने) वसुली करणं, ही दुसरी: व्हीपी परत आली की जाण्याचं टपाल बुडतं आणि अंकाची तारीखही उलटून जाते. पत्त्याच्या पट्टीवर वर्गणी संपण्याचा महिना छापणं आणि एकदा आठवण करून दिल्यावर अंक थांबवणं, एवढं केलं तरी फरक पडतो. आपल्या लोकांत पैसे मागायला संकोच फार.

जाहिरातींबद्दल: केंद्र सरकारच्या २०१६ च्या मुद्रित माध्यम धोरणात गुणपद्धत आली. १०० पैकी खपाच्या प्रमाणपत्राला २५, कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीला २०, पानांना २०, वृत्तसंस्थेच्या सेवेला १५, स्वतःच्या छापखान्याला १० आणि प्रेस कौन्सिलची वार्षिक वर्गणी भरल्याबद्दल १०. दोन माणसांनी चालवलेल्या, पगारी नोकर नसलेल्या, बाहेर छापून घेणाऱ्या साप्ताहिकाने यातले किती जमवायचे? 'छोटं' वृत्तपत्र म्हणजे त्यांच्या लेखी २५,००० प्रतींपर्यंतचं. आपली साप्ताहिकं त्या कोष्टकात दिसतसुद्धा नाहीत.

कोठी

हिशेबवही यांचं छापखान्याचं कारण १९७०–८० नंतरच्या पडझडीला लागू आहे. त्याआधीची पडझड वेगळी. 'जागृति' थांबली १९४९ साली, आणि त्याच वर्षी १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हा योगायोग मानायला जड जातं. संस्थान असताना दरबार, खाती आणि शाळा हा एक वाचकवर्ग होता, आणि अर्ज-विनंत्या ऐकणारं सरकार याच शहरात होतं. साप्ताहिकात एखाद्या खात्याविषयी टीका आली की ती वाचणारा अधिकारी चार गल्ल्या पलीकडे बसलेला असे. सत्ता मुंबईला गेल्यावर स्थानिक पत्राच्या अग्रलेखाला ते वजन राहिलं नाही.

दुसरा खांब वाचनालयांचा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला आणलं. गावाने एक तृतीयांश रक्कम जमवायची, एक तृतीयांश राज्याची, एक तृतीयांश स्थानिक मंडळाची, अशी ती योजना होती. वाचनालय म्हटलं की वृत्तपत्रं आली. मात्र याचा फायदा मराठी पत्रांना मर्यादितच. खेड्यातली वाचनालयं गुजराती. मराठी वाचक बडोदे शहरात, आणि नवसारी, कडी, अमरेली प्रांतांत गेलेल्या नोकरदारांत.

१ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला. त्यानंतरच्या पिढ्या मराठी घरात बोलत, शिकत मात्र गुजराती किंवा इंग्रजीतून. वाचनाची सवय शाळेच्या भाषेला चिकटते. मुंबई इथून ३९० किलोमीटरच्या आसपास, रात्रीच्या गाडीने मुंबईची मराठी दैनिकं सकाळी स्टेशनवर. म्हणजे मराठी वाचायचंच असेल त्याला मुंबईचा मोठा अंक, आणि शहराची बातमी हवी असेल त्याला गुजराती छापुं (वर्तमानपत्र). स्थानिक मराठी साप्ताहिकाला यात उरलं काय? संस्थांचे कार्यक्रम, सोयरीक आणि श्रद्धांजली. तेवढंही आता व्हॉट्सॲपच्या गटावर जातं.

राजवाडा चौक

इंदूरहून थोडं. आमच्याकडे वेगळी वाट झाली: मराठी माणसं हिंदी पत्रात गेली. 'नई दुनिया' ५ जून १९४७ ला इंदुरात सुरू झालं, आणि त्याच्या नावाजलेल्या संपादकांत राहुल बारपुते होते. शहरातल्या मराठी घरांचं सकाळचं वर्तमानपत्र हिंदी असणं यात कुणाला काही वाटत नाही. बडोद्यात लिपीही बदलते, म्हणून तिथे तुटलेपण जास्त जाणवत असावं. २०१२ मध्ये 'नई दुनिया'सुद्धा जागरण समूहाकडे गेलं, तेव्हा आकार मोठा म्हणून स्थानिक मालकी टिकते असंही नाही.

पेजमेकर ६.५

१९९० नंतरच्या अंकांबद्दल लिहितो, कारण खरी हानी इथे चालू आहे. कागद तरी कपाटात राहतो, फाईल उघडत नाही.

त्या काळची जुळणी पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटांत. हे फाँट युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले. फाँट नसेल तर मजकूर चिन्हांची खिचडी दिसतो. करायचं असं: जुना संगणक चालू असेल तर फाँटच्या फायली आणि डॉक्युमेंटं एकत्र कॉपी करा, तिथेच प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा, आणि मगच परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये न्या. परिवर्तनानंतर तीन जागा हमखास बिघडतात: 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ॲ आणि ऑ निसटतात, आणि ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. या तिन्ही शोधून बदलायचा मॅक्रो एकदा लिहून ठेवला की पुढचे अंक भराभर होतात.

छपाईचं सांगायचं तर बटर पेपरवर प्रिंट, त्याची पेस्टिंग, त्यावरून प्लेट. बडोद्यात ऑपरेटर बहुधा गुजराती. हात तयार, पण मराठी तो कानाने लिहिणार: ण-न, श-ष, आणि शेवटचं अक्षर दीर्घ हे नियम त्याच्याकडून धरायचे नाहीत. प्रूफ दोनदा हवं, एकदा मजकुराचं आणि एकदा बटरवर. बटरवर दुरुस्त केलेली पट्टी निसटली की जुनी चूक छापून येते. वेब ऑफसेटवर (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या यंत्रावर) पाचशे-हजार प्रती मागू नयेत. रंग आणि ताण जुळेपर्यंत काहीशे प्रती रद्दीत जातात. एवढ्या कामाला शीटफेडच (सुट्या तावांवर छापणारं) बरं.

उत्सुक

आज एखाद्या मंडळाला मराठी मासिक नव्याने नोंदवायचं असेल तर? जिल्हाधिकाऱ्यांपुढे डिक्लेरेशन (प्रकाशनाचं घोषणापत्र) अजून लागतं का?

पीआयएन ३९०००१

डिक्लेरेशन मागणारा १८६७ चा कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे. शीर्षक आणि नोंदणी दोन्हीचा अर्ज ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर. तिथून तो जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे अभिप्रायाला जातो, त्याला ६० दिवसांची मुदत. शीर्षक सोपं सुचलं की ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघतं, म्हणून तीन-चार पर्याय तयार ठेवा. वर्षाचं विवरणपत्र चुकवू नका. आणि जेवढे अंक काढीन म्हणून लिहून द्याल त्याच्या निम्म्याहून कमी निघाले तर नोंदणी निलंबित होऊ शकते. दहा-बारा जणांचं मंडळ असेल तर पाक्षिक लिहून देऊ नका, मासिकच लिहा. आधी सांगितल्याप्रमाणे द्वैमासिकही नको.

अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण ही ओळ हवीच. 'खासगी वितरणासाठी' एवढं छापून टपालाची सवलत मिळत नाही.

ग्रंथपाल

जुने अंक कुठे शोधायचे ते सांगते. बडोद्यात मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आणि कोठीतलं अभिलेखागार. वृत्तपत्रांच्या प्रती चार ग्रंथालयांना देण्याचा नियम १९५६ पासून आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. १९५६ नंतरच्या पत्राची फाईल बडोद्यात नाही मिळाली तर मुंबईत विचारा. इंग्रजी अमदानीतल्या पत्रांना आणखी एक वाट आहे. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक इंग्रजी सारांश करून घेई, त्यांत 'बडोदा वत्सल'मधलेही उतारे येतात. मूळ अंक हरवला असला तरी त्यात काय होतं याचा माग लागतो. अर्थात हे सारांश सरकारला ज्याची काळजी वाटे तेवढ्याचेच. मंगळागौरीचं हळदीकुंकू त्यात यायचं नाही.

घरात किंवा संस्थेत बांधीव फाईल असेल तर:

फाईल आडवी ठेवा, उभी केली की शिवण फाटते. न्यूजप्रिंटमधल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, ते उजेडाने पिवळं पडतं आणि आम्ल तयार होऊन कागदाचा चुरा होतो. कोपरा दोनदा घडी घालून तुटत असेल तर ती फाईल आता चाळू नका, सरळ फोटो काढायला घ्या. जुने बांधणारे कीड लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद घालत. कण्याजवळचा कागद आधी तपकिरी पडतो त्यामागे ते एक कारण असतं.

सपाट स्कॅनरवर फाईल उलटी दाबू नका, कणा तुटेल. कॅमेरा वर टांगून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो घ्या. फाईल पूर्ण उघडत नसेल तर उघडते तेवढ्याच कोनात पुठ्ठ्यांचा आधार द्या आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात डेमीचं एक पान भरून घेतलं तर इंचाला ३४० च्या आसपास बिंदू मिळतात, वाचायला आणि अक्षरओळखीला पुरेसे. ४०० चा आग्रह असेल तर एक पान टिफमध्ये साधारण ९५ एमबी. वर्षाचे ५२ अंक, चार पानांनी २०८ पानं, म्हणजे २० जीबीच्या आत. 'जागृति'इतकं, म्हणजे ३२ वर्षं चाललेलं चारपानी साप्ताहिक पूर्ण धरलं तरी साडेसहाशे जीबी होत नाही. एक टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि दोन वेगळ्या घरी ठेवा.

फाईलचं नाव तारखेवरून द्या: वर्ष, महिना, दिवस, पान. अंकावर शके आणि इसवी दोन्ही असतील तर इसवी धरा, पण शीर्षपट्टीचा फोटो राहू द्या. अंकाची तारीख चुकीची छापलेली आढळते, विशेषतः जानेवारीच्या पहिल्या अंकावर गेल्या वर्षाचा आकडा तसाच राहिलेला.

अक्षरओळखीकडून फार अपेक्षा नको. झिजलेल्या खिळ्यांत ध-घ, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते, आणि पानाचे स्तंभ आधी वेगळे कापले नाहीत तर चार बातम्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. आधी प्रत्येक अंकाची मथळ्यांची यादी हाताने टंकून घ्या. शोधायला तीच कामी येते.

दांडियाबाजार

ताई, फाटलेल्या पानांना सेलोटेप चालेल का? आमच्या मंडळाच्या फायलींत आधीच कुणीतरी लावून ठेवलेली आहे.

ग्रंथपाल

नवी मुळीच लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि पट्टी सुकून गळून जाते. लावलेली ओढून काढू नका, अक्षरं तिच्याबरोबर येतात. तशीच ठेवून आधी फोटो घ्या. दुरुस्तीला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, मागच्या बाजूने. पण हे दोन्ही बाजूंनी छापलेल्या कागदावर करायचं तर टिश्यू इतका पातळ हवा की खालचा मजकूर वाचता येईल. आधी एखाद्या जाहिरातीच्या पानाच्या कोपऱ्यावर करून बघा.